अंड्याचं पांढरं, लोहाचं पाणी

गेल्या चैत्रात एका दाखल्यासाठी कोळगावला जिल्हा कचेरीत गेले होते. साहेब बाहेर गेलेत, तीननंतर या, असं खिडकीतल्या मुलीनं सांगितलं. मधे अडीच तास होते. घरी सफाळ्याला जाऊन परत येण्यात अर्थ नव्हता. रस्त्यावर बोईसरची एस.टी. उभी दिसली आणि मी चढले. का चढले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तिकडे आता माझं कुणी नव्हतं. चाळीस वर्षांत मी त्या रस्त्याला पाऊलही टाकलं नव्हतं, आणि तिकीट काढताना ‘तारापूर, वसाहत नाका’ हे शब्द तोंडातून इतके सवयीचे बाहेर पडले की मीच दचकले.

माझी पहिली नोकरी जिथे झाली त्या कारखान्याच्या जागी आता प्लास्टिकच्या दाण्याचं गोदाम आहे. फाटक तेवढं जुनंच. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि आपोआप श्वास रोखला. पुढचा वास मला ठाऊक होता. तो आला नाही. रबर जळाल्यासारखा काहीतरी कोरडा वास आला, आणि मी फसवल्यासारखी उभी राहिले.

कच्च्या अंड्याला वास नसतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एका बंद खोलीत शेकड्यांनी अंडी फुटताना बघितलेली नाहीत. थंडीत तो वास ओल्या चुन्यासारखा असायचा. वैशाखात मात्र गोडसर, जड, केसांत बसणारा. मी केळव्याच्या पानवाडीत वाढलेली. ओली माती, केळीचे सोप, वेलीवरून खुडलेल्या पानांचा तिखट गंध, एवढंच माझ्या नाकाला माहीत होतं. बी.एस्सी. झाल्यावर वडिलांनी एकदाच विचारलं, तुला नोकरी करायची आहे का. हो म्हटल्यावर ते दुसऱ्या दिवशी मला बसथांब्यापर्यंत सोडायला आले आणि बस हलेपर्यंत हात वर धरून उभे राहिले. आमच्या वाडीतली बाहेर कामाला गेलेली मी पहिली मुलगी. संध्याकाळी घरी आले की आई दारातच म्हणायची, आधी डोक्यावरून पाणी घे. त्या वासाची मला लाज वाटत नव्हती. उलट अभिमानच वाटायचा.

कारखाना म्हणजे एक लांब शेड, दोन खोल्या आणि आम्ही सातजण. मालक सामंतसर. साठी उलटलेले, मुंबईच्या एका औषध कंपनीतून निवृत्त झालेले. शर्टाची वरची गुंडी कधी न सोडणारे. ते स्वतःला मालक म्हणवून घेत नसत, केमिस्ट म्हणवत. आम्ही तिथे लोहाचं औषध करायचो. अंड्याच्या पांढऱ्यात बांधलेलं लोह. नुसतं लोह पोटाला झोंबतं, दात काळे करतं, सर सांगायचे. तेच प्रथिनात गुंतवलं की निमूटपणे रक्तात जातं. बाळंतिणींसाठी, गरोदर बायकांसाठी यापेक्षा मऊ औषध नाही, असं सांगताना त्यांचा आवाज खरोखर मऊ व्हायचा.

पांढरं गार पाण्यात हलक्या हातानं फिरवायचं, फेस येऊ द्यायचा नाही. मग मलमलीतून गाळायचं. दुसऱ्या पिंपात फेरिक क्लोराइडचं पातळ पिवळं पाणी. दोन्ही एकत्र करून त्यात सोड्याचं पाणी थेंबाथेंबानं सोडलं की विटकरी ढग तयार व्हायचे आणि हळूहळू तळाशी बसायचे. हा साका. तो धुवायचा. वरचं पाणी काढायचं, नवं घालायचं, पुन्हा बसू द्यायचं. सात वेळा, आठ वेळा, कधी दहा वेळा. शेवटच्या धुवणात क्षार उरलाय का बघायला मी सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचे. ताकाच्या निवळीसारखी झाक आली की सर मान हलवायचे आणि पुन्हा धुणं सुरू. काहीच आलं नाही की त्या साक्यात मोजून कॉस्टिकचं पाणी घालायचं. पहिली काही मिनिटं काहीच घडायचं नाही. आणि मग तो सगळा गाळ नाहीसा व्हायचा, जणू कधी नव्हताच. समोरून बघितलं तर गढूळ वाटणारं ते पाणी उजेडाकडे धरलं की माणकासारखं लाल आणि आरपार दिसायचं. मी ते किती वेळा बघितलं असेल, आणि प्रत्येक वेळी मला धक्का बसायचा. सरांनाही बसत असावा. नळी उजेडाकडे धरून ते जरा जास्तच वेळ उभे राहायचे. नंतर त्यात दालचिनीचा अर्क आणि साखरेचा पाक पडायचा आणि शेडमधला अंड्याचा वास तेवढ्यापुरता मागे सरायचा.

अंडी फोडायला तिघीजणी होत्या. त्यांच्यात बुधीमावशी मोठी. कारखान्यामागच्या वारली पाड्यावर राहायची. चाळिशीची असेल, मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेली. ती अंडं भांड्याच्या काठावर आपटत नसे. दोन अंगठ्यांनी मधोमध उकलायची, बलक डाव्या तळव्यावर झेलायची आणि बोटं किंचित फाकवायची. पांढरं बोटांतून खाली ओघळायचं, पिवळा गोळा तळव्यावर अखंड थरथरत राहायचा. पिवळ्याचा एक टिपका जरी पांढऱ्यात उतरला तरी त्या दिवसाचा सगळा घाणा बिघडे. तिच्या हातून तसं कधी झालेलं मला आठवत नाही. मी एकदा करून बघायला गेले आणि सात अंडी वाया घालवली. ती हसली नाही. माझी बोटं धरून तिनं ती किती फाकवायची ते दाखवलं.

बलक आमच्या कामाचा नव्हता. काही बोईसरच्या बेकरीवाल्याकडे जायचा, उरलेला कामावरच्या माणसांचा. संध्याकाळी पाड्यावरची पोरं पातेली घेऊन फाटकाशी बसायची. मीही कधी डब्यात भरून घरी न्यायचे. आई त्यात कांदा आणि ओली मिरची घालून परतायची आणि वडील म्हणायचे, या पोरीनं घरात सोनं आणलं. पाड्यावर तो भातात कालवून चुलीवर ठेवायचे, असं बुधीमावशी सांगायची.

त्या वर्षी तिची सून गरोदर होती. आधीचं एक मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. सरांनी दुसरं काही न बोलता औषधाच्या दोन बाटल्या बुधीमावशीला दिल्या. सुनेला एक दिवस ती माझ्याकडे घेऊन आली. किडकिडीत, डोळ्यांखाली पांढरीफटक, माझ्याहून वयानं लहान मुलगी. मी बाटलीवरचं वाचून तिला समजावलं: दोन चमचे, अर्धा कप पाण्यातून, दिवसातून दोनदा. ती मान हलवत राहिली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मे महिन्यात औद्योगिक वसाहतीची पाण्याची मोठी नळी फुटली. तिसऱ्या दिवशीही नळाला थेंब नाही. साका पिंपात धुवायचा पडून होता, तो उन्हाळ्यात नासला असता. सरांनी बुधीमावशीला विचारलं, तुमच्या विहिरीला पाणी आहे का. पाड्यावरच्या चार बायका डोक्यावर हंडे घेऊन आल्या. पाणी इतकं नितळ की हंड्याचा तळ दिसत होता. सरांनी ते उकळून गाळून घ्यायला सांगितलं, आणि असं पाणी आम्हाला नळाला कधी आलं नाही, असंही म्हणाले. बुधीमावशीला ते ऐकून बरं वाटलेलं दिसलं.

आदल्या घाण्याचं धुणं त्या पाण्यात उरकलं. मग नव्यासाठी मी त्याच पाण्यात फेरिक क्लोराइड पातळ करायला घेतलं. पिवळं व्हायला हवं होतं. ते जांभळट झालं. मळकट, शाईच्या दौतीत पाणी ओतल्यासारखं, आणि बघता बघता कडेनं हिरवट होत गेलं.

मी भांडं घासून पुन्हा केलं. पुन्हा तोच रंग. बाटलीत राहिलेलं नळाचं जुनं पाणी घेऊन केलं, ते स्वच्छ पिवळं राहिलं. कॉलेजात हाच प्रयोग आम्ही केला होता. फिनॉलच्या जातीचा पदार्थ ओळखायचा असेल तर फेरिक क्लोराइडचा थेंब टाका, जांभळा किंवा हिरवा रंग येतो. वहीत लिहून मार्क मिळवले होते. इथे कुणी मला काही ओळखायला सांगितलं नव्हतं. आमच्या भिंतीपलीकडे रंगाचा कच्चा माल करणारा कारखाना होता आणि त्याच्या मागच्या अंगाला उघडा खड्डा. तो आम्ही सगळे रोज बघत होतो.

सरांनी स्वतः तीनदा करून बघितलं. त्यांनी नळी धुऊन स्टँडला उलटी लावली. विहिरीच्या पाण्यात धुतलेला सगळा साका फेकून द्यायला सांगितला. टँकर मागवला. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “इतक्यात कुणाशी बोलू नकोस. मी बघतो.”

मी बोलले नाही. हे मला अजूनही खरं वाटत नाही. मी बावीस वर्षांची होते, पहिली नोकरी होती, सर वडिलांसारखे होते, हे सगळं खरं आहे आणि त्यातलं काहीही पुरेसं नाही. दुसऱ्या दिवशी टँकर आला. औषधासाठी चांगलं पाणी आलं. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी मी सरांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते बघतो म्हणाले होते आणि दुपारभर खोलीचं दार लावून बसत होते. पाड्यावरच्या बायका रोज शेडच्या मागून हंडे घेऊन जायच्या, त्यांचं बोलणं, हसणं, हंड्याला हंडा लागल्याचा आवाज मला आत ऐकू यायचा. मी सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकत होते. अर्धा कप पाण्यातून, दिवसातून दोनदा. हे मीच त्या पोरीला सांगितलं होतं. पाचव्या दिवशी मला जेवण जाईना. आईला वाटलं, उन्हानं.

आठव्या दिवशी दुपारी मी खिडकीशी बसले होते. बुधीमावशी घरून जेवून आली. तिच्या हातात तांब्या होता, वर पळसाचं पान झाकलेलं.

“बाय, टाकीचं पानी शिळं लागतं,” ती म्हणाली. “हे घे. आताच काडलंय, गार हाय.”

मी तांब्या घेतला. तो बाहेरून घामेजला होता. मी तो ओठांपर्यंत नेला, असं मला वाटतं. पण हात मधेच थांबला आणि वरही जाईना, खालीही येईना. ती माझ्यासमोर उभी होती. तिनं माझा हात बघितला, मग तोंड बघितलं.

“काय हाय पान्यात?”

मी सांगितलं. शेजारच्या खड्ड्यातलं झिरपतंय, औषधाचं लोह त्यात रंग बदलतं, ते पिण्यासारखं नाही. शब्द तोंडातून पडत होते आणि मला ते दुसऱ्याच कुणाचे वाटत होते. ती ऐकत होती. तिनं ओरडावं, तांब्या फेकावा असं मला वाटत होतं. तिनं फक्त विचारलं, “किती दिस झालं तुला कळून?”

“आठ.”

ती जमिनीवर बसली. गुडघ्यांवर हात टाकून, अंडी फोडायला बसायची तशीच. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं. मग ती उठली, माझ्या हातातून तांब्या घेतला आणि म्हणाली, “चल. माझ्या डोळ्यांनी बघू दे. आमच्या बायांना पन दाखव.”

मी फेरिक क्लोराइडची बाटली, ड्रॉपर आणि पांढऱ्या चिनी मातीच्या दोन बशा घेऊन निघाले. सर दारात उभे होते. त्यांनी बाटलीकडे बघितलं आणि बाजूला झाले.

विहीर करंजाच्या झाडाखाली होती. सावली इतकी दाट की बशीतला रंग दिसेना, म्हणून आम्ही उन्हात सरकलो. पोहऱ्यातलं पाणी बशीत घेतलं, थेंब टाकला. जांभळं. एक बाई म्हणाली, पोहरा खराब असेल. ती घरी गेली आणि आपला हंडा घेऊन आली. जांभळं. मग एकेक जण घरातलं पाणी घेऊन येऊ लागली. हंडा, मडकं, कळशी. बुधीमावशीनं सुनेच्या उशाशी ठेवलेला पेला आणला. मी थेंब टाकत गेले आणि प्रत्येक वेळी तोच रंग. कुणी आरडाओरडा केला नाही. बशी कलंडून मातीत ओतल्याचा आवाज तेवढा येत होता. एक म्हातारा शेवटी आला. त्याला विहिरीचं पाणी कडू लागे म्हणून तो शेतापलीकडच्या झऱ्यावरून आपल्यापुरतं आणायचा आणि सगळे त्याला हसायचे. त्याच्या वाळल्या भोपळ्याच्या भांड्यातल्या पाण्यात थेंब पडला आणि पिवळाच राहिला. त्या पिवळ्याकडे सगळी माणसं वाकून बघत राहिली.

तो म्हातारा माझ्याकडे वळला. “कदी कळलं तुला?”

मी तोंड उघडलं. मी बोलायच्या आधीच बुधीमावशी म्हणाली, “आजच. कळलं तशी आलीय.”

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

त्याच दुपारी त्यांनी विहिरीवर काटेरी फांद्या टाकल्या आणि वर दगड ठेवले. झरा दूर होता, तरी बायका तिथून पाणी आणू लागल्या. दुसऱ्या दिवसापासून सरांनी टँकर आधी पाड्यावर न्यायला सांगितला, उरलेलं पाणी आमचं. तक्रारीचा अर्ज त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला आणि खाली केमिस्ट म्हणून सही केली. सही करताना मला म्हणाले, “मी घाबरलो होतो. तू घाबरायला नको होतंस.” सरकारी माणसं आली, बाटल्यांतून पाणी घेऊन गेली. त्याचं पुढे काय झालं ते आमच्यापर्यंत आलं नाही. पलीकडचा खड्डा मात्र एका सकाळी मातीनं भरलेला दिसला. पाड्यावर नळ यायला दोन पावसाळे गेले.

बुधीमावशी तीन दिवस कामावर आली नाही. चौथ्या दिवशी आली, हात धुतले आणि अंडी फोडायला बसली. तिची बोटं तशीच फाकत होती, बलक तसाच अखंड राहत होता. माझ्याशी ती नीट बोलायची, कामाचं सगळं सांगायची. पण ‘बाय’ म्हणायची बंद झाली.

श्रावणात सुनेला मुलगा झाला. धडधाकट. ते ऐकून मी शेडच्या मागे जाऊन रडले, आणि त्या पहिल्या, पाचव्या महिन्यात गेलेल्या बाळाचा विचार मनात आला तसं रडूही थांबलं. त्याचं कारण काय होतं ते कुणालाच कधी कळणार नव्हतं.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. शेवटच्या दिवशी सगळ्यांना पेढे दिले. बुधीमावशीसमोर थांबले आणि त्या आठ दिवसांबद्दल जे वर्षभर बोलले नव्हते ते बोलायला लागले. तिनं मला पुरं करू दिलं नाही.

“आठ दिस सुनंला मी माझ्या हातानं पानी दिलं,” ती म्हणाली. “नको म्हनायची, तरी औषिद पोटात जाया पायजे म्हनून दिलं. तुला बोलून काय करू?”

मग तिनं पेढा घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला.

गोदामाच्या बाजूनं मी पाड्याच्या वाटेला लागले. घरं पक्की झालीत, मोटारसायकली दारात. विहीर शोधली, सापडली नाही; करंजही नाही. कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट बघत एक चाळिशीचा माणूस उभा होता. अंगात निळा शर्ट, हातात हेल्मेट. मी नुसतीच घुटमळतेय बघून त्यानं विचारलं, कोण पाहिजे. मी बुधीमावशीचं नाव घेतलं.

“माझी आजी,” तो म्हणाला. “गेली. चार वर्सं झाली.”

त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि एकदम त्याचा चेहरा उघडला. अंड्याच्या कंपनीतली बाई तुम्हीच का, असं विचारलं. मग तो सांगत सुटला. आजी ही गोष्ट सगळ्यांना सांगायची. पाड्याच्या पाण्यात विष आलं होतं, ते कुणाला कळेना. कंपनीत एक पोरगी होती, तिला एका थेंबात कळलं. कळल्याबरोबर ती हातातलं काम टाकून धावत आली, पायात चप्पलसुद्धा घातली नव्हती, मे महिन्याच्या उन्हात. तिनं बशीत रंग काढून दाखवला. त्या वेळी मी आईच्या पोटात होतो, तो म्हणाला, त्या बाईमुळे मी जगलो असं आजी सांगायची.

मी चप्पल घालून गेले होते. मी बाजूचं कुंपण धरलं. इतकी वर्षं ती मला मनात कुठे ठेवून वावरत असेल याची मी पुष्कळ कल्पना केली होती. ही केली नव्हती.

“मला आठ दिवस आधी कळलं होतं,” मी म्हटलं. “आठ दिवस मी कुणाला सांगितलं नाही.”

त्याला नीट समजलं नसावं. मी पुन्हा सांगितलं, सावकाश, त्याच्या डोळ्यांकडे बघून.

“आजीला ठावं होतं हे?”

“तिला मीच सांगितलं होतं. त्याच दिवशी.”

वळणावरून बस येताना दिसली. त्यानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं, जरा विचार केला, आणि मान हलवली.

“नाय, बाई,” तो म्हणाला, अगदी हळुवारपणे, वय झालेल्या माणसाची चूक दुरुस्त करावी तसं. “तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. तसं असतं तर आजी मना बोलली असती.”